तोंडावर बोला

बैठकीत गैरहजर माणसाबद्दल कुणी वाकडं बोललं, की गंगूआक्का उठून चपला घालायच्या आणि त्या माणसाला घरून घेऊनच यायच्या. तोवर बैठक थांबायची. राहुरीकडच्या आमच्या गावात डोंगर फोडणारा खडी क्रशर बंद व्हावा म्हणून आम्ही समिती केली होती. सुरुंगानं घरांच्या भिंती तडकत होत्या, कांद्याच्या पातीवर पांढरी भुकटी बसत होती. लढाई क्रशरवाल्याशी होती; आम्ही मात्र निम्मा वेळ एकमेकांशीच लढायचो. आक्कांना खरा संताप यायचा तो याचा.

एकदा आमच्यातला भाऊसाहेब क्रशरवाल्याच्या जीपमधून नगरला सावेडीत उतरताना कुणाला तरी दिसला. संध्याकाळपर्यंत समितीच्या मोबाईल ग्रुपवर तो विकलाही गेला होता. आमचा सचिव विलास त्याला काढून टाकायचा ठराव मांडू लागला. आक्का उठल्या. भाऊसाहेबाला आणून विलाससमोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता इचार."

भाऊसाहेबाची बायको चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन मिळेना, म्हणून त्यानं त्या जीपला हात केला होता. विलासनं ठरावाचा कागद घडी घालून खिशात टाकला.

"पाठीमागं बोललं की खरं बी नासतं," आक्का त्याला म्हणाल्या. "तुझं तर खरं बी नव्हतं."

पण त्या अबोला धरत नसत. पुढं विलास तापानं पडला तेव्हा भाकरी घेऊन त्याच गेल्या, आणि वाढता वाढता त्याला पुन्हा झापून आल्या.

मग त्यांच्या पुतण्याला क्रशरवर डंपर चालवायची नोकरी लागली. पुतण्या वेगळा राहायचा, त्यानं आक्कांना विचारलंही नव्हतं. विलासनं मुकाट्यानं आक्कांना ग्रुपमधून काढून टाकलं. मी त्याला जाब विचारला, तर समितीच्या हितासाठी असं करावं लागतं, असं तो मलाच समजावू लागला.

पुढच्या बैठकीला आक्का आल्या आणि पारावर सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मी हितंच हाय. बोला."

कुणी तोंड उघडलं नाही. भाऊसाहेब आणि मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. बाकीचे नखं कुरतडत बसले. ती शांतता आठवली की आजही माझ्या मुठी वळतात.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीसमोर धरणं होतं. आक्का येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या आणि नेमक्या विलासला खेटून बसल्या.

"माझं भांडान तुझ्यासंगं हाय," त्या त्याला म्हणाल्या, "डोंगरासंगं न्हाई."

त्याच उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं त्या गेल्या. शोकसभेत विलास म्हणाला, आक्का आम्हा सगळ्यांच्या आई होत्या. भाऊसाहेब भाषण चालू असतानाच उठून निघून गेला. नंतर एकेक माणूस गळत गेला. आता बैठक होत नाही, क्रशर चालू आहे. समिती क्रशरवाल्यानं फोडली, असं विलास भेटेल त्याला सांगतो.

साफ खोटं आहे. त्यासाठी क्रशरवाल्याला गावात पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही.