बिडाचा तवा आणि शेजारची लोढी

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सकाळी जात ते दिवेलागणीला येत. आईच्या माघारी दोन-तीन महिने खानावळीचा डबा यायचा. तिच्या भांड्यांना आम्ही दोघांनीही हात लावला नाही. घावण्यांसाठी तिनं मालवणहून आणलेला बिडाचा जड तवा मोरीच्या भिंतीला टेकून उभा असायचा. एका दुपारी तो हलवला, तर भिंतीवर गंजाचा तांबडा गोल. तो पुसता पुसता मला रडू कोसळलं.

शेजारी एक गुजराती जोडपं राहायचं. नवरा कापडाच्या पेढीवर कामाला, मूलबाळ नाही. त्या बाईंना मी मासी म्हणायची. रडणं ऐकून त्या आत आल्या आणि काही न विचारता त्यांनी तवा उचलला.

“बाप रे, केवढा भारी! आमची लोढी तर याच्यापुढे कागद.”

तव्याला त्या लोढी म्हणायच्या. विटेची भुकटी आणि चिंच लावून आम्ही दोघींनी तो तवा घासला, शेगडीवर तापवला. मासींनी अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवला. खोलीभर धूर झाला. मग मी तांदळाचं पीठ कालवलं. मासींना घावणे येत नव्हते. त्यांच्याकडचा पुडला बेसनाचा. मी आईला करताना फक्त पाहिलेलं. पहिले पाच चिकटले, उलथण्यानं खरवडून काढावे लागले. सहावा सुटून आला, जाळीदार. मासींनी तो गुळाबरोबर खाल्ला आणि म्हणाल्या, “आता रोज वापर हा, नाहीतर पुन्हा गंजेल.”

मग शाळा सुटली की मी त्यांच्याकडेच. त्यांच्या लोढीवर मी पातळ रोटल्या शिकले. पहिल्यांदा ताटात वाढल्या तेव्हा बाबांनी विचारलं, “कोणी केल्या गो?” मी म्हटलं, “मी.” त्यांनी आणखी एक मागून घेतली. मग खानावळीचा डबा बंद झाला.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई महाराष्ट्राची की गुजरातची, याखेरीज चाळीत दुसरा विषय नसायचा. मोर्चे निघत होते, गोळीबार झाला, ओळखीच्या घरांतली माणसं तुरुंगात गेली. जिन्यात एका मैत्रिणीनं मला अडवलं. “तू अजून त्यांच्याकडे जातेस?” मी पटकन म्हटलं, “छे, कुठे!” आणि ते खरं करण्यासाठी त्या दिवसापासून जाणंच सोडलं. मासी गॅलरीत दिसल्या की मी हातातल्या बादलीत बघत पुढे जायची.

असंच एकदा बाबा सकाळी कामावर गेले आणि दुपारी कर्फ्यू लागला. घरातले कोळसे संपलेले, दुकानं बंद. मी पिठाच्या डब्याशी बसून होते. तेवढ्यात कडी वाजली.

“दीकरी, पोरी, दार उघड. रोटली आणली छे.”

गॅलरीत बायका उभ्या होत्या, त्यांचे आवाज येत होते. मी दाराला पाठ लावून, गुडघे पोटाशी धरून बसले. मासींनी तीनदा कडी वाजवली. “गरम आहे ग,” म्हणाल्या. मग आवाज नाही. बऱ्याच वेळानं त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि शेजारचं दार लागलं. ती रात्र मी कशी काढली, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. कपड्यांना शाईचा वास, डोळे लाल.

“काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“मासींकडे गेली नाहीस? मी जाताना त्यांना सांगून गेलो होतो, पोरीकडे बघा म्हणून.”

“ते गुजराती आहेत,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता थप्पड बसणार. बाबा खाली बसले. “आपल्या चळवळीची पत्रकं मीच जुळवतो गो. ती दिल्लीला सांगायला आहेत. मासींना नाहीत.” मग मासींकडे जाऊन ये, असं म्हणाले, पण मला उंबरठ्यापर्यंतसुद्धा जाववेना.

काही आठवड्यांनी मासींच्या नवऱ्यानं सुरतेला भावाकडे जायचं ठरवलं. सामान बांधायच्या दिवशी बाबांनी मला हाताला धरून तिकडे नेलं आणि स्वतः ट्रंक उचलून खाली गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

“मासी, त्या दिवशी मी घरातच होते.”

“मला माहीत होतं. दाराखालून तुझ्या परकराची कड दिसत होती.”

“मग?”

“मग काय! एकटी घाबरली असशील, म्हणून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि गेल्या.

सुरतेच्या पत्त्यावर मी दोन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही. त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीला पडदा लावला.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीवर रोषणाई होती. खाली ढोल वाजत होते, बाबा गुलालानं माखलेले. त्यांनी हाक मारली, बाकीच्या मुलींनीही मारली. मी गॅलरीतून हात हलवला, पण खाली गेले नाही.