वार्निशचा वास

चिखलोलीच्या आमच्या नव्या घरात काल सुतार दाराला वार्निश मारत होता. तो वास नाकात गेला आणि मला तिथं बसवेना.

पंचवीस वर्षं झाली. बदलापूरच्या मागच्या जंगलात, दोन तास चढून गेल्यावर, लाकडी ओंडक्यांची एक जुनी चौकी होती. आम्ही अंबरनाथचे चार डोंगरवेडे ती दुरुस्त करायला गेलो होतो. आतले ओंडके काजळीनं काळेकुट्ट झालेले. तिथं राहणारा राखणदार गोमादादा म्हणाला, "सायेब, चूल आत राहू द्या. धुरानंच लाकूड जगलंय."

मी हसलो. सोड्यानं घासून काजळी काढली, चूल बाहेर मांडली, वार्निशचे दोन हात दिले. उतरत्या उन्हात ओंडके लखलखत होते. "बघा दादा, कशी दिसतेय!" त्यानं भिंतीवरून नुसता हात फिरवला.

तिसऱ्या पावसाळ्यात चौकी कोसळली. गोमादादा आत होता. तो गेल्याचं मला आठवड्यानं कळलं.

मी वर गेलो. पडलेल्या ओंडक्यावर पाय ठेवला, तर पापुद्रा फुटून पाय घोट्यापर्यंत आत गेला. आत नुसती वाळवीची माती होती. वर माझं वार्निश अजून चमकत होतं.