त्यांच्या बोटांना लागलेली शीर

टायफॉईडमधून उठले तेव्हा वाटलं, सुटले. पण घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी, सलाईन लावलेला उजवा हात लाल होऊन सुजला. ताप पुन्हा चढला, थंडीनं दात वाजू लागले. गावातल्या डॉक्टरांनी कातडीखालची सूज म्हणून गोळ्या दिल्या. जाऊबाईंनी धावरं, म्हणजे अंगावर पसरत जाणारी लाल सूज, समजून लेप लावला. पाच दिवस गेले, उतार पडेना. इतकी वर्षं खंडोबाचा रविवार पाळला, आणि आपल्याच वाट्याला हे का, असं मनात येऊ लागलं.

त्या रविवारी यजमानांबरोबर अणदूरच्या देवळात गेले, ती खरं तर देवाला जाब विचारायला. पण गाभाऱ्यासमोर हुडहुडी भरली आणि मी खांबाला टेकून खाली बसले. भंडारा वाहून परतणाऱ्या एक वयस्क बाई थांबल्या. माझा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि सुईच्या जागेपासून कोपराकडे हलकेच बोटं फिरवली. मी कळवळले.

"इथं सलाईन लावलं होतं का?"

"व्हय. कातडीची सूज हाय म्हणले डॉक्टर."

"लाली कातडीच्या सुजंतबी असती नि शिरंच्या सुजंतबी, बाई. पर नुसत्या कातडीच्या सुजंत शीर अशी दोरीगत कडक लागत न्हाय. त्यात हा थंडीचा ताप. शिरंत रक्ताची गाठ होऊन तिच्यात पू झाला असंल. मी नर्स होते, असं पाहिलंय. आत्ताच सोलापूरला चला, मीबी तिकडंच निघालेय."

यजमानांनी ठरवलेल्या जीपमध्ये त्यांनी माझा हात उशीवर धरून ठेवला. सोलापूरच्या दवाखान्यात सोनोग्राफीत गाठ दिसली, पुढं रक्तातही जंतू निघाले. शिरेचा तेवढा भाग कापून काढावा लागला. सर्जन म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर हा पू फुफ्फुसात गेला असता."

बाई उमरग्याच्या. लेकीकडं सोलापूरला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "अणदूरला उतरायचं माझ्या मनातबी नव्हतं. बस बंद पडली. दुसरी येईस्तोवर म्हटलं, दर्शन घ्यावं."

ते ऐकून अंगावर काटा आला. बस बंद पडली म्हणून त्या दिवशी किती जण वैतागले असतील. मी मात्र त्यामुळं वाचले. तेव्हापासून एखादं काम अडलं की जीव पूर्वीसारखा तडफडत नाही. हात जोडते आणि म्हणते, मल्हारी, तुला दिसतंय तेवढं मला कुठं दिसतं.