परक्या हद्दीतलं गाऱ्हाणं

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालावं तर बाबली घाडीनंच. देवापुढे नारळ ठेवून तो खड्या आवाजात गावाचं मागणं मांडायचा आणि दर वाक्याला अख्खा गाव ‘होय म्हाराजा!’ म्हणून साथ द्यायचा. त्या आवाजाचा त्याला तोरा होता, आणि का नसावा? घरात मात्र हल्ली तो आवाज चालत नव्हता. बायको यशोदा सगळं विसरत चालली होती. स्वतःच्या नावालाही ओ देत नव्हती.

तळेऱ्याहून सहलीची बस हंपीला निघाली तेव्हा लोक म्हणाले, तिला कशाला नेतोस? पण तिला मागे ठेवून जाईल तो बाबली कसला!

हत्तीखान्यासमोर त्याने तिला सावलीत बसवलं. “हंयसरच बस हां. मी पाणी घेवन येतंय.” परतला तर जागा रिकामी.

बाबली एकेका घुमटाखाली शिरू लागला. आत गार काळोख आणि वटवाघळांचा वास. “यशोदा! खंय गेलंस गो?” घुमटाने त्याचीच हाक त्याच्या अंगावर टाकली. तो कमळमहालाकडे धावला. नक्षीच्या कमानीमागे कमान, आणि एकीतही ती नाही. पलीकडे राजवाड्याचा कोरडा, खोल हौद होता. काठावर ओणवून तो आत डोकावला. हौदातही ती नव्हती. तटाच्या मागच्या दाराबाहेर नुसते धोंडे आणि झाडी, आणि ऊन उतरायला लागलेलं.

तेव्हा त्याला आठवलं. कुणाच्याही हद्दीत शिरताना तिथल्या राखणदार देवाला सांगायचं असतं. आणि हा देवाला गाऱ्हाणं घालणारा घाडी असून नुसतं तिकीट दाखवून आत शिरला होता!

नारळ कुठला मिळायला? त्याने पाण्याची बाटली जमिनीवर ठेवली, हात जोडले आणि फोटो काढणाऱ्या लोकांची पर्वा न करता आवाज लावला. “बा ह्या नगरीच्या राखणदारा म्हाराजा! न इचारता पाय ठेवलंव, ती चूक पदरात घे म्हाराजा! माझी बायल माका परत दी रे म्हाराजा!”

टेहळणी बुरुजाच्या आडून बारीकसा आवाज आला. “होय म्हाराजा!”

ती तिथे भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, हात जोडलेले. बाबली तिच्यासमोर मटकन बसला आणि रडू लागला.

यशोदाने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “गाऱ्हाणा बरा घातलात. खंयच्या गावचे तुमी?”

त्याने तिचा हात घट्ट धरला.

“तुझ्याच गो.”