एलरॉयच्या ताटातला मासा

समजा, तुमच्या हातात ताट आहे. ताटात तळलेला पर्च मासा, शेजारी राय ब्रेडची चकती आणि कोबीची कोशिंबीर. समोर टेबलाशी एक म्हातारा बसलाय. त्याला हा मासा हवाय, कित्येक महिन्यांपासून हवाय. खाताना घास चुकीच्या नळीत गेला, तर तो तुमच्या डोळ्यांदेखत गुदमरू शकतो. भिंतीशी राज्य सरकारची तपासनीस बाई पेन घेऊन उभी आहे. ताट ठेवलंत आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर जबाबदार तुम्ही. ताट परत नेलंत, तर एका शहाण्या माणसाचा हक्क डावलला म्हणून जबाबदार पुन्हा तुम्हीच. मासा गार होत चाललाय. काय कराल?

केंड्रा झिल्कीसमोर हा प्रश्न आला तेव्हा ती नर्सिंग होमची प्रशासकसुद्धा नव्हती. प्रशासक व्हायचं शिकत होती.

आमच्या गावात या जागेला नाव आहे, पण सगळे नुसतं 'होम' म्हणतात. केंड्रा शाळा सुटल्यापासून तिथंच मदतनीस होती. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. मुलं मोठी झाल्यावर तिनं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली आणि आमचे प्रशासक गॉर्डन लिंडस्टॅड यांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. या उमेदवारीत खुर्चीत बसायला मिळत नाही. आधी लाँड्रीत चादरी, मग स्वयंपाकघरात भांडी, मग बॉयलरची खोली, मग हिशेब, मग नातेवाइकांचे फोन. सगळ्या विभागांतून फिरून झालं की सरकारी परीक्षा. परीक्षेला बसायचं तर गॉर्डननं 'ही तयार आहे' असं लेखी द्यायला हवं.

आणि गॉर्डन म्हणजे एक नग. दोन्ही हात खिशात घालून उभा राहायचा आणि काहीही झालं की विचारायचा, "बरं, आता?" पाइप फुटला, "बरं, आता?" नर्स आली नाही, "बरं, आता?" उत्तर त्यानं कधी दिलं नाही.

एलरॉय हाउप्टला मात्र सगळं गाव ओळखायचं. नदीकाठी त्याचा बार होता. विस्कॉन्सिन राज्यात शुक्रवार म्हणजे तळलेला मासा, आणि आमच्याकडे शुक्रवार म्हणजे एलरॉयकडचा तळलेला मासा. लोक बाहेर बर्फात रांग लावायचे. एका पानगळीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, डोकं शाबूत राहिलं, जीभ तर जास्तच धारदार झाली. बिघडलं ते गिळणं. ती तपासणी मीच केली, कारण होममध्ये माझं कामच ते आहे. एक्स-रेच्या पडद्यावर घास कुठे जातो ते दिसतं. एलरॉयचा प्रत्येक घास दोन नळ्यांच्या तोंडाशी येऊन रेंगाळायचा. कधी अन्ननलिकेत उतरायचा, कधी थोडा श्वासनलिकेकडे घसरायचा. मी शिफारस केली, सगळं अन्न बारीक वाटून द्या.

मग त्याचा शुक्रवार बदलला. डॉटी, आमची मुख्य स्वयंपाकीण, शिजवलेला मासा मिक्सरमध्ये वाटून माशाच्या आकाराच्या साच्यात घालायची, वर डोळाही कोरायची. तेवढंच बघायला बरं. पहिल्या दिवशी एलरॉयनं तो पिवळट गोळा चमच्यानं उलटा केला आणि म्हणाला, "डॉटी, याला डोळा पण काढलायस. निदान मेलेला तरी दाखवायचास."

त्यानंतर तो ताट सरकवायला लागला. आधी शुक्रवारी, मग रोजच. त्याची पँट पट्ट्यातून घसरायला लागली. केंड्रा त्याच्यापाशी बसायची, गप्पा मारायची, चमचा पुढे करायची. तो तोंड मिटून घ्यायचा.

"उपाशी मराल अशानं," ती एकदा वैतागून म्हणाली.

"मग एक मासा खाऊन मरू दे की पोरी. वेळ वाचेल."

त्याच आठवड्यात राज्य सरकारचं तपासणी पथक आलं. ते न सांगताच येतं. सगळी इमारत श्वास रोखून चालायला लागते. फरशीवर पाण्याचा थेंब दिसला तरी चार जण धावतात. आणि नेमकं त्या पथकातल्या एका बाईनं एलरॉयला विचारलं, "इथं तुमच्या मनासारखं होत नाही असं काही आहे का?"

एलरॉयनं तिला मासा सांगितला. सगळा सांगितला, अगदी पिठात बिअर किती घालायची तेसुद्धा.

शुक्रवारी सकाळी गॉर्डनच्या खोलीत आम्ही तिघं बसलो आणि एलरॉयच्या मुलीला, शेरिलला, फोन लावला. शेरिल दूर अ‍ॅरिझोनात राहते.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "बाबांना काही झालं ना, तर मी तुमच्या होमवर केस टाकीन. तुम्ही त्यांची काळजी घ्यायची म्हणून ठेवलंय तिथं."

"शेरिल, निर्णय घेण्याइतकी त्यांची बुद्धी शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात," केंड्रा म्हणाली. "धोका कळूनही त्यांना हवं असेल तर..."

"तुझे वडील असते तर?"

 केंड्राचे वडील वारले तेव्हा ती इथंच दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांना भरवत होती. शेरिलला हे माहीत असायचं कारण नव्हतं. शेरिलनं फोन ठेवला.

केंड्रा माझ्याकडे वळली. "तू सांग. दहातल्या किती वेळा घास चुकेल?"

"असं नाही सांगता येत. आज एकही चुकणार नाही, किंवा पहिलाच चुकेल. मी शेजारी बसेन. छोटे घास, हनुवटी खाली, मध्ये थांबायचं. एवढंच माझ्या हातात आहे."

"म्हणजे हो की नाही?"

"ते मी नाही ठरवायचं."

तिनं गॉर्डनकडे पाहिलं. त्याचे हात खिशातच होते.

"बरं, आता?" तो म्हणाला. मग, त्याच्या स्वभावात नसलेलं, आणखी एक वाक्य बोलला. "भिंतीवरच्या लायसन्सवर नाव माझं आहे, केंड्रा. तू चुकलीस तर दोघंही जाऊ. पण आज दुपारच्या जेवणाचा निर्णय तुझा."

ती तडक एलरॉयच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. शुक्रवारी बारमध्ये घालायचा तसा.

केंड्रा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. "एलरॉय, नीट ऐका. मासा खाल्लात तर घास अडकू शकतो. तेव्हा नाही अडकला तरी छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. तुम्ही मरू शकता. मी गोड करून सांगत नाहीये."

"तू कधीच गोड करून सांगत नाहीस. म्हणून तर आवडतेस."

"मऊ करून देते, सॉसमध्ये भिजवून. कुरकुरीत भाग काढून टाकते. चालेल?"

"पोरी, कुरकुरीत भाग काढला तर उरतं काय? मऊपणा तर मासा स्वतःच आणतो."

"शेरिल नाही म्हणतेय."

त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्यानं मान खिडकीकडे फिरवली. "शेरिलला लहानपणी काटा लागला होता घशात. माझ्याच बारमध्ये. आठवतं तिला अजून." मग तो वळला. "पण तोंड माझं आहे ना?"

"तुमचंच आहे."

"मग आण."

स्वयंपाकघरात वेगळीच लढाई. डॉटी ओट्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी.

"मी नाही देणार. बघ बाई, काल-परवापर्यंत माझ्याकडे पातेली घासत होतीस, तीही अर्धवट. आज साहेबीण होऊन मला खून करायला सांगतेस?"

"डॉटी, ते महिनाभर धड जेवले नाहीयेत."

"आणि उद्यापासून कधीच जेवणार नाहीत! मी माझ्या हातानं कुणाचा घास..." तिचा आवाज चिरकला. "तुला लायसन्स हवंय म्हणून ना? ती सरकारी बाई बघतेय म्हणून?"

हा घाव लागला. केंड्राच्या गालावर रंग चढला. ती खरंच त्या बाईसाठी करत होती का? ती म्हणाली, "ताट मी नेते. तू फक्त तळ. नाहीतर कढई मला दे, मी तळते."

"तू? तू तर पाणीपण जाळशील." डॉटीनं कढई ओढली. पिठात बिअर ओतली, मग थांबली, आणि आणखी थोडी ओतली. "म्हातारा म्हणेल, कमी पडली," ती स्वतःशीच पुटपुटली.

जेवणाच्या हॉलमध्ये नेहमीचा गलबला होता. केंड्रा ताट घेऊन आत आली तसा तो कमी कमी होत गेला. सगळ्यांना माहीत होतं. होममध्ये बातमी व्हीलचेअरवरून फिरते, पण आमच्यापेक्षा जोरात. तपासनीस बाई भिंतीशी, हातात पेन. गॉर्डन दारात. नर्सनं घशात अडकलेलं ओढून काढायचं सक्शनचं मशीन कोपऱ्यात आणून ठेवलं होतं, त्यावर टेबलक्लॉथ टाकून. कुणालाही दिसू नये म्हणून, आणि त्यामुळेच सगळ्यांना दिसत होतं.

केंड्रानं ताट ठेवलं.

एलरॉयनं आधी वास घेतला. उजव्या हातानं छोटा तुकडा तोडला. कर्र असा आवाज झाला. त्यानं डोळे मिटले.

"हनुवटी खाली," मी म्हणालो. त्यानं गिळलं. एक. पुन्हा गिळलं. तोंड उघडून दाखवलं, रिकामं. पुढचा घास. पुढचा. शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी टाळी वाजवायला गेली, तिला कुणीतरी गप्प केलं.

मग त्यानं ब्रेडचा कोपरा तोंडात घातला आणि खोकला.

खोकला आला की लोकांचे हात पाठीकडे धावतात. डॉटी स्वयंपाकघराच्या दारातून धावलीच. केंड्रानं आडवा हात घालून तिला अडवलं. "नाही! खोकू दे. खोकतायत म्हणजे हवा जातेय."

एलरॉय खोकत राहिला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी. मला वाटत होतं, खोक, अजून खोक. या कामात भीती खोकल्याची नसते.

खोकला थांबला.

आवाजच थांबला. त्याचं तोंड उघडं होतं आणि आतून काहीच येत नव्हतं. मी उठलो, नर्स कापड ओढत होती. केंड्रा त्याच्यासमोर गुडघ्यांवर होती, तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याला जवळजवळ लागलेला. "एलरॉय, माझ्याकडे बघा. बोलता येतंय?"

तो तिच्याकडे बघत होता. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला. सगळ्या हॉलकडे. डॉटीकडे, तिच्या दोन्ही हातांनी झाकलेल्या तोंडाकडे.

त्याच्या छातीतून एक घुसमटलेला आवाज निघाला, आणि मग हवा. लांब, घरघरणारी, सुंदर हवा. ब्रेडचा ओला गोळा ताटात पडला.

"ब्रेड," तो म्हणाला, जेव्हा म्हणता आलं तेव्हा. "शिळा आहे."

कुणीतरी रडत होतं. मला वाटतं डॉटी. एलरॉयनं ब्रेड बाजूला सारला आणि उरलेला मासा संपवला. तुकडा तुकडा करून, हनुवटी खाली ठेवून, शेवटच्या कुरकुरीत कडेपर्यंत. केंड्रा तिथून हलली नाही.

नंतर तपासनीस बाईनं तिला विचारलं, "हे कुणी ठरवलं?"

"त्यांनी. धोका मी सांगितला. ताट मी आणलं."

बाईनं काहीतरी लिहून घेतलं. अहवाल आला तेव्हा त्यात माशाबद्दल एक ओळ नव्हती. लाँड्रीतल्या फुटलेल्या सॉकेटबद्दल मात्र होती.

पण खरी परीक्षा शनिवार-रविवारी होती. न्यूमोनिया व्हायचा असेल तर तेव्हाच कळणार होतं. केंड्राला सुट्टी होती, तरी ती दर थोड्या वेळानं फोन करून ताप विचारायची. शेरिलचाही फोन यायचा. ती केंड्राशी बोलत नव्हती, फक्त नर्सशी. सोमवारी एलरॉयची छाती स्वच्छ होती. गॉर्डन कॉफी घेऊन केंड्राच्या टेबलाशी आला, कप ठेवला आणि म्हणाला, "बरं, आता?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पहिल्यांदा हसला.

पुढच्या शुक्रवारी तळलेल्या माशाचं ताट घेऊन केंड्रा स्वतः गेली. ब्रेडशिवाय. सक्शन मशीन या वेळी कापडाशिवाय.

एलरॉयनं ताटाकडे पाहिलं. वास घेतला. मग बोटानं ताट हळूच परत सरकवलं.

"वाटलेला आण," तो म्हणाला.

"का? मासा चांगला झालाय. डॉटीनं बिअर पण..."

"वास येतोय. जमलंय तिला. जा, वाटलेला आण. डोळा काढलेला."

त्या दिवसापासून तो वाटलेलं सगळं खायला लागला. पँट पुन्हा पट्ट्यात बसायला लागली. शेरिल उन्हाळ्यात येऊन गेली आणि जाताना तिनं केंड्राला मिठी मारली, काही न बोलता. आणि मासा एलरॉयनं पुन्हा कधीच मागितला नाही. केंड्रानं दोनदा कारण विचारलं. एकदा तो हवामानाबद्दल बोलला, एकदा बेसबॉलबद्दल.

केंड्रा परीक्षा पास झाली. शेजारच्या काउंटीतल्या होमच्या भिंतीवर आता तिच्या नावाचं लायसन्स आहे. तिच्या हाताखालीही एक उमेदवार शिकतोय, आणि तीही त्याला बहुधा उत्तरं देत नसावी. पण शुक्रवारी दुपारी ती मला फोन करते, न चुकता. एलरॉयनं आज काय खाल्लं ते विचारते. मी सांगतो, वाटलेला.

मग ती दर वेळी तेच विचारते, जणू मला एक्स-रेच्या पडद्यावर तेही दिसत असावं.

"त्या दिवशी श्वास अडकला म्हणून त्यांनी सोडला का रे मासा? की तेव्हा आमच्या सगळ्यांचे चेहरे पाहिले म्हणून?"