एका हातचा स्वेटर

माझ्या आत्याला घरात सगळे ‘काटा’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. एकतीस वर्षं तिने पोस्टाच्या पार्सल खिडकीवर काढली. समोरच्याने पुडकं सरकवलं की ती आधी ते उजव्या हातात तोलायची, वजन सांगायची आणि मगच काट्यावर ठेवायची. हाताचं आणि काट्याचं जमलं नाही तर ती काटा दुरुस्तीला पाठवायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी तिच्यासमोर मापात पाप करायची अजून भाजीवाल्याची छाती होत नाही.

लग्न तिने केलं नाही. का, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नाही. पण घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या थंडीत तिच्या हातचा पिवळा स्वेटर मिळतो. आम्हा भावंडांना मिळाला, आमच्या पोरांनाही मिळाला. मोजायची टेप तिला ठाऊक नाही. ती बाळाचं वजन विचारते आणि त्यावरून टाके ठरवते. आजवर एकही स्वेटर कुणाला आखूड झाला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला धाकट्या भावाला मुलगी झाली. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे आत्याकडे जमणार, तेव्हा पोरगी पहिल्यांदा तिथे येणार होती. सुट्टीला अजून दोन महिने होते, पण आत्याचं सगळंच आधी असतं. थंडीची चाहूल लागली की एक शनिवार-रविवार मी तिच्याकडे राहायला जाते. जाड पांघरुणं उन्हात टाकायची, माळ्यावरची जास्तीची ताटं उतरवून घासायची, आणि मग दुपारभर खिडकीपाशी बसून विणायचं. या दोन दिवसांसाठी मी वर्षभर जीव टाकते. नवरा म्हणतो, “निघाली माहेरपणाला!” म्हणू दे बापडा.

या वेळी तिने डाव्या हाताने दार उघडलं. उजवा शालीत होता.

“हाताला काय झालं गं?”

“काय व्हायचंय? आत ये आधी, वारा येतोय.”

चहा ओतला तेव्हा अर्धा कपात गेला, अर्धा ओट्यावर. उन्हाळ्यापासून हात थरथरतो म्हणाली. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, थरथर वाढत जाणार हेही त्यांनी सांगून टाकलंय. मी औषधाच्या दुकानात काम करते. गोळ्यांचं पाकीट उलटून नाव वाचलं आणि पुढचं काही विचारलंच नाही.

“मला का नाही कळवलंस?” मी चिडून म्हटलं.

“कळवून तू काय करणार होतीस?”

यावर मी ओटा पुसायला घेतला.

स्वेटरची पाठ आणि पुढची बाजू तयार होती. बाळ झालं त्याच आठवड्यात सुरू केलेली, हात धड होता तेव्हाची. अडलं होतं ते बाह्यांवर. शनिवारी दुपारी मी समोर बसून बघत होते. दोन ओळी झाल्या की एक टाका सुईवरून सुटायचा, मग ती तेवढं उसवायची आणि पुन्हा सुरू करायची. ऊन खिडकीतून जमिनीवर उतरलं तरी बाही बोटभरच होती. मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना रोग.

“दे इकडे, मी करते.”

“तुझा हात सैल.”

खोटं नव्हतं. मला विणायला तिनेच शिकवलं, पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो. तिची वीण घट्ट, माझी ढिली. एका कपड्याला दोघींचे हात लागले की कुणालाही लांबून कळतं.

रविवारी जेवणानंतर खुर्चीतच तिचा डोळा लागला. मी बाही उचलली. एकेक टाका ओढून घट्ट घेतला, बोटं दुखायला लागली, अकरा ओळी झाल्या. आपण काहीतरी करतोय म्हणून मी किती खूश होते! तिच्यासारखीच वीण वाटत होती मला.

ती जागी झाली. बाही घेऊन तिने डाव्या हाताचा अंगठा त्यावरून खालून वर फिरवला. माझी ओळ जिथे सुरू होत होती, तिथे अंगठा थांबला. झापेल म्हणून मी वाट बघत होते. झापलं असतं तर बरं झालं असतं. तिने बाही बाजूला ठेवली, तयार पाठ मांडीवर घेतली, शेवटची गाठ दाताने सोडवली आणि धागा ओढायला लागली.

“आत्या! काय करतेस? ती तुझी आहे, चांगली झालीय!”

“असू दे. लेकराच्या अंगात दोन हातांचा स्वेटर नको. सगळा तू कर.”

“तिला तुझ्याच हातचा हवा. घरात सगळ्यांना आहे.”

“मग सांग, कसा देऊ?”

मला रडू आलं.

“गुंडा कर आधी,” ती म्हणाली, “गुंता होतोय.”

ती उसवत गेली आणि मी गुंडाळत गेले. पाठ संपली, मग पुढची बाजू, मग ती बोटभर बाही. थांब म्हणायला तोंड उघडायचे आणि धागा तेवढा गुंडाळायचे. सगळं उसवायला पाऊण तासही लागला नाही.

“सैल हाताला लोकर जास्त लागते,” ती म्हणाली. “आहे ती पुरतेय का बघू.”

सवयीने तिने गुंडा उजव्या तळहातावर घेतला. हात थरथरला, गुंडा थरथरला. वजन सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. गुंडा डाव्या हातात घेतला, जरा वेळ धरला. मग माझ्या मांडीवर ठेवला.

“काट्यावर ठेवून बघ,” म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि तशीच बसून राहिले. तिच्या घरात काटा नाही. कधी लागलाच नव्हता.