सेबूच्या मार्कोसची माडी

मार्कोस लागतान मूळचा फिलिपिन्समधल्या सेबू बेटाचा. मनिलाच्या गलबतावर खलाशी म्हणून मेक्सिकोत आकापुल्कोला उतरला आणि एका हंगामापुरता कोलिमाच्या किनाऱ्यावर हेर्नानच्या माडबागेत राहिला. त्याला बारा वर्षं झाली. माडाच्या फुलोऱ्याची पोय आवळून बांधावी, रोज नखाएवढी छाटावी आणि माडी उतरवावी ती मार्कोसनंच. असा माणूस मालक सोडतो कशाला? दर वर्षी गलबत परत निघे, आणि दर वर्षी मालक म्हणे, "पुढच्या खेपेला बघू."

यंदा मात्र स्पेनच्या राजाचा हुकूम आला. माडीमुळे स्पेनची दारू खपत नाही, सबब मनिलाकडचे सगळे माडीवाले बायकापोरांसकट परत धाडा! मार्कोस आनंदानं रडला. म्हातारी आई अजून वाट बघतेय, असा निरोप होता. बायको हुआना इथलीच, पण साथीत तिचं माहेर धुऊन गेलेलं. तीही निघायला तयार होती.

परत जाणाऱ्यांची यादी करायला सरकारी कारकून यायचा, त्या सकाळी हेर्नाननं मार्कोसला सगळ्यात उंच माडावर चढवलं. "तो जाईस्तोवर खाली पाय टेकलास तर तंगडं मोडीन!" बारा वर्षं राबवून घेतलं, वर ही भाषा.

"मनिलावाला आहे का कुणी?" कारकुनानं विचारलं.

"छे! कधीच पळाला," हेर्नान म्हणाला.

हुआना पुढं झाली. "पळाला कसला? तो बघा, माकडासारखा वर टांगलाय! अहो, उतरा खाली!"

मार्कोस छाती सोलवटत उतरला. "मीच तो, सरकार. न्या मला."

ऊन मी म्हणत होतं. कारकुनानं त्याच्या कमरेचं मडकं ओढून एक घोट घेतला. मग दुसरा. मग खालीच बसला.

"ही तू काढलीस?"

"हो सरकार. अख्ख्या किनाऱ्यावर अशी कुणाला जमत नाही." बोलून गेला गडी! कारागिराचं तोंड, दुसरं काय.

कारकून हेर्नानकडे वळला. "महिन्याला दोन घागरी माझ्या घरी." आणि कागदावर लिहिलं, या बागेत मनिलाचा माणूस नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, दाद कुणाकडे मागायची?

"अहो, हा समोर उभाय की!" हुआना ओरडली.

"यादीत नाही. आणि यादीत नाही त्याला गलबतावर कुणी घेत नाही."

कारकून गेला. हेर्नाननं नुसतं माडाकडे बोट दाखवलं.

"उद्यापासून नासवा ती माडी!" हुआना रडत म्हणाली. "मग कशाला ठेवतील तुम्हाला?"

मार्कोसनं कोयती कमरेला खोचली. "नासवली तरी मी यादीत नाहीच गं."